रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ चा मागचा टायर: जास्त किलोमीटर जाणारा घ्यावा की ग्रिपवाला?

तुम्ही लिहिलंय की पर्वरीला राहता, महिन्यातून एकदा बायकोला मागे बसवून बेळगाव-कोल्हापूर करता, एक टायर २० हजार किलोमीटर जाईल आणि दुसरा जेमतेम १२ हजार असं तुम्हाला सांगितलंय, आणि दुकानदार १२०/९० मापाचा (१२० मिलिमीटर रुंद, उंची रुंदीच्या ९० टक्के) काढून १३०/८० घाला म्हणतोय. ग्रिपवाला घ्या. एवढ्यावर थांबलो असतो, पण तुमची गाडी आणि माझी गाडी एकच, रस्ताही एकच, आणि त्या रस्त्यावर माझ्या बायकोचं मनगट मोडलेलं आहे.

मी डिचोलीचा. माझी ४११ म्हणजे २०१८ च्या सुरुवातीची, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणारी सोय) नसलेली. मूळ टायर संपला तो २०२२ च्या मे महिन्यात. आमच्या घरात टायर मृग लागायच्या आधी बदलतात, ही बाबांची शिस्त. बाबा २६ वर्षं म्हापशाला पायलट, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीवाले, होते. पिवळ्या मडगार्डची गाडी, आणि मागे दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या घरचं माणूस. नवा टायर घेताना ते नक्षीच्या खाचेत अंगठ्याचं नख दाबून बघायचे. नख रुतलं तरच पैसे काढायचे. दुकानदार चिडायचे, पण बाबांनी पावसात एकही गिऱ्हाईक पाडलं नाही.

मी मात्र त्या वेळी भावोजींचं ऐकलं. ताईचे यजमान, वीस वर्षं बुलेट चालवलेले, घरात कुणाचीही गाडी घ्यायची-विकायची झाली की शब्द त्यांचाच. ते म्हणाले, मऊ रबर म्हणजे पैसे रस्त्यावर घासणं; कडक रबराचा घे, २५ हजार किलोमीटर बघायला नको. त्यांच्याच ओळखीच्या दुकानात गेलो. ‘पात्रांव, एकच पीस शिल्लक आहे, तुम्हाला कमी करून देतो.’ नक्षी खोल, रबराचे केससुद्धा तसेच. घेतला. बाबांना दाखवायचं सुचलंच नाही.

जुलैमध्ये बेळगावहून परत येत होतो. चोर्ला घाट उतरताना, केरीच्या वरच्या अंगाला, डावीकडे वळणारं एक अवघड वळण आहे. पाऊस धो-धो नव्हता, भुरभुर होती. दुसरा गिअर, वीस-पंचवीसचा वेग. ब्रेकला बोट लावलेलं नव्हतं, पायही नाही. फक्त ॲक्सिलरेटर सोडला. या इंजिनाची ओढ तुम्हाला माहीत आहे, मागचं चाक ते आवळून धरतं. तेवढं निमित्त पुरलं आणि मागचं चाक बाजूला निघून गेलं. गाडी डावीकडे आडवी झाली. हिने हात टेकला. पिशवीतला कुंद्याचा डबा फुटून रस्ताभर झाला. मी उठलो, तिला कठड्याला बसवलं, मग वर चालत जाऊन वळणाचं डांबर बुटाने घासून बघितलं. डिझेलचा वास नाही, खडी नाही. दरडीवरून वाहून आलेल्या तांबड्या मातीचा पातळ थर होता, पावसाळाभर घाटात असतो तेवढाच.

एका टेम्पोवाल्याने साखळीपर्यंत आणलं. सहा आठवडे प्लास्टर. आमच्याकडे चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची सजावट, ही बांधते, लग्न झाल्यापासून. त्या वर्षी ती खुर्चीवर बसून कुठलं फळ कुठे ते सांगत होती आणि मी बांधत होतो.

तिला बघायला आमच्या वाड्यावरचे एक काका आले. उसगावच्या एमआरएफच्या टायर कारखान्यातून निवृत्त झालेले. गाडीशी उकिडवे बसून त्यांनी टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचले: ३८१६. २०१६ सालचा अडतिसावा आठवडा, म्हणजे सप्टेंबर. मी २०२२ च्या मे मध्ये ‘नवा’ म्हणून घेतलेला टायर साडेपाच वर्षांहून जुना होता. काकांनी सांगितलं ते असं: रबरात मिसळलेली तेलं हळूहळू निघून जातात, हवा आणि उष्णता रबराला कडक करत राहतात, टायर गाडीला लावलेला असो वा नसो. नक्षी तशीच खोल दिसते, म्हणून फसायला होतं. ओल्या डांबरावर पकड येते ती खडीच्या बारीक कंगोऱ्यांत रबर रुतल्यामुळे. कडक रबर रुतत नाही, वरूनच घसरतं. मुळात कडक रबराचा टायर, त्यात इतका मुरलेला. बाबांनी काही न बोलता खाचेत नख दाबलं. नखच वाकलं.

भावोजींचं म्हणणं आजही बदललेलं नाही. दर चवथीला जेवणं झाली की विषय निघतो. टायर नवाच होता, ब्रेक तूच मारलास. भावोजी, मी ब्रेक मारला नव्हता. ऑगस्टमध्ये त्याच वर्षी बनलेला, मऊ रबराचा टायर घालून मी एकटा पुन्हा तिथे गेलो. तीच भुरभुर, तोच गिअर, तसाच ॲक्सिलरेटर सोडून चार वेळा ते वळण उतरलो. चाक तसूभर सरकलं नाही. गाडी तीच होती, चालवणारा तोच होता.

म्हणून तुम्हाला सांगतो, १२ हजार की २० हजार हा हिशेब बाजूला ठेवा आणि आधी ते चार आकडे बघा. वर्षाच्या आतला असेल तर घ्या, दोन वर्षांवर असेल तर पैसे कमी केले तरी नको. तीच कंपनी, तेच मॉडेल, ताजा माल मागवायला लावा. आठवडाभर थांबावं लागलं तर थांबा.

१३०/८० चं मला पटत नाही. रिम तीच राहते, त्यामुळे टायर रुंद घेतला म्हणून पावसात जास्त धरेल असं नाही. चाकाचा व्यास सुमारे ८ मिलिमीटरने कमी होतो, गाडी किंचित खाली बसते. दिसायला भरदार दिसतं, त्यासाठीच बहुतेक जण घालतात. गुट्ट्यांचा, म्हणजे मातीच्या रस्त्यासाठीचा मोठ्या सुट्या ठोकळ्यांचा, टायरही नको. तुम्ही डांबरावर फिरताय, आणि ओल्या डांबरावर टेकायला त्यात रबरच कमी असतं. मापाच्या पुढचा भार-आकडा मात्र मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. ६४ असेल तर तो टायर २८० किलो पेलतो, आणि तुम्ही दोघं सामानासकट असता.

आता काही गोष्टी माझ्या बाजूने जात नाहीत, त्याही लिहितो. नखाची परीक्षा म्हणजे मोजमाप नव्हे, दोन चांगल्या टायरांत ती फरक दाखवणार नाही. १३०/८० घालून वर्षानुवर्षं फिरणारे माझ्या ओळखीत आहेत. ताजा माल त्याच मापात मिळत असेल आणि चेनला घासत नसेल, तर मी जुन्या १२०/९० पेक्षा तोच घेईन. तुम्ही फक्त हिवाळा-उन्हाळ्यात फिरत असाल तर कडक रबरही चालेल, भावोजींची बुलेट तशीच चालते आणि ते पावसात घाटात जात नाहीत. आणि कोणताही टायर घाला, पहिले शे-दीडशे किलोमीटर जपून, कारण नव्या रबरावर चकचकीत थर असतो. माझ्या पडण्याशी त्याचा संबंध नव्हता, तोवर दीड हजार झाले होते.

ट्यूबही नवी घ्या, आणि आतली रिमपट्टीसुद्धा. जुनी ट्यूब नव्या टायरात कोंबून देतात, समोर उभं राहून बघा.