वाचकांचे प्रश्न : जुना बोर्ड आणि प्रोसेसरचा वाढीव वेग

प्रश्न : माझ्याकडे इंटेलचा कोअर २ क्वाड क्यू ६६०० हा प्रोसेसर, जी ३१ चिपसेटचा मदरबोर्ड आणि डीडीआर२-८०० प्रकारच्या प्रत्येकी २ जीबीच्या दोन रॅम आहेत. व्हिडिओ रेंडर होण्यास फार वेळ लागतो, म्हणून बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगच्या पानांवर) एफएसबी, म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड यांमधल्या मार्गाचा मूळ वेग, २६६ मेगाहर्ट्झवरून थेट ३५५ केला. पंखे फिरत राहिले, पण मॉनिटरवर काहीच आले नाही. बोर्डावरचा सेल काढून परत बसवला तेव्हा संगणक सुरू झाला. नंतर ३२० ठेवून पाहिले, तर विंडोज सुरू होऊन पाच-दहा मिनिटांत संगणक आपोआप रिस्टार्ट होऊ लागला. प्रोसेसर आता थकला आहे, असे दुरुस्ती करणाऱ्याचे मत पडले. ३.२ गिगाहर्ट्झचा वेग मिळू शकेल का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : आपल्या पत्रातील आकडे पाहता दोष प्रोसेसरचा नसून रॅमचा, किंबहुना रॅमवर लादलेल्या वेगाचा असावा, असे मला वाटते. या प्रोसेसरचा गुणक, म्हणजे एफएसबीला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग येतो तो आकडा, ९ आहे आणि तो वाढवता येत नाही. म्हणून २६६ गुणिले ९ म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ हा मूळ वेग वाढवायचा तर एफएसबीच वाढवावा लागतो. परंतु रॅमचा वेगही त्याच एफएसबीला बांधलेला असतो. मूळ स्थितीत २६६ च्या तिप्पट म्हणजे ८०० हा रॅमचा वेग येतो. आपण एफएसबी ३५५ केला आणि हे तिपटीचे प्रमाण तसेच ठेवले, तेव्हा ८०० वर चालण्यासाठी बनवलेली रॅम १०६५ वर चालवण्याचा प्रयत्न झाला, आणि साहजिकच पडदा कोरा राहिला. ३२० वर तोच हिशोब ९६० येतो. तेवढ्यावर रॅम कशीबशी सुरू होते आणि थोड्या वेळाने चुका करू लागते. थकल्याचा ठपका विनाकारण प्रोसेसरवर आला.

बायोसमध्ये रॅमच्या वेगाचे प्रमाण काही बोर्डांवर २.००, २.५०, ३.०० अशा गुणकांत, तर काहींवर ५३३, ६६७, ८०० अशा नावांनी दिलेले असते. आपण २.०० किंवा ५३३ निवडावे. एफएसबी ३३३ केल्यावर रॅम ६६७ वर, म्हणजे तिच्या क्षमतेच्या आत राहील. रॅमचा वेग कमी दिसतो म्हणून हळहळण्याचे कारण नाही. रेंडरिंगच्या कामात प्रोसेसरच्या वाढीव वेगापुढे तो फरक किरकोळ आहे. त्याच पानावर पीसीआय ३३ आणि पीसीआय एक्स्प्रेस (बोर्डाला कार्ड वगैरे जोडणारे मार्ग) १०० मेगाहर्ट्झवर पक्के करण्याची सोय असेल, तर ती आधी वापरावी. या मार्गांचा वेग एफएसबीबरोबर वाढत गेला, तर हार्ड डिस्कवरील फायली बिघडण्याचा धोका असतो. त्यामुळे कामाच्या फायलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवल्याशिवाय यातले काहीच करू नये.

आता ३.२ विषयी. माझा सल्ला ३.० वर, म्हणजे ३३३ च्या एफएसबीवर, थांबण्याचा आहे, आणि त्याचे कारण प्रोसेसर नव्हे, बोर्ड आहे. क्यू ६६०० च्या नंतरच्या जी० आवृत्तीची उष्णतेची मर्यादा ९५ वॉट आहे, आधीच्या बी३ आवृत्तीची १०५ वॉट. आपली कोणती, ते सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये दिसेल. लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि सगळी मेख इथेच आहे. जी० आवृत्ती १.२५ व्होल्टवर चालते असे धरले, तर ९५ वॉटसाठी सुमारे ७६ अँपिअर प्रवाह लागतो. व्होल्टेज तेच ठेवून ३.० वर नेले, तर अंदाजे ११९ वॉट आणि ९५ अँपिअर होतात, व्होल्टेज १.३२५ केले, तर १३३ वॉट आणि १०० अँपिअर. स्वस्त जी ३१ बोर्डांवर हा सगळा भार बहुधा तीनच फेजवर, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या तीनच शाखांवर पडतो, तिथल्या मॉस्फेटवर (वीज नियंत्रित करणाऱ्या ट्रान्झिस्टरवर) उष्णता काढून घेणारे हीटसिंकही नसते, आणि आसपासचे कपॅसिटर बरीच वर्षे तापून निघालेले असतात. अशा कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश वाढीमागे साधारण निम्मे होते. ३.२ साठी व्होल्टेज आणखी चढवावे लागण्याची शक्यता अधिक, आणि त्याची किंमत बोर्ड मोजणार.

म्हणून बायोस उघडण्यापूर्वी कॅबिनेट उघडावे. प्रोसेसरभोवतीच्या कपॅसिटरचे माथे फुगलेले असतील, किंवा त्यांतून तपकिरी द्रव झिरपलेला असेल, तर ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचा, विचार सोडून आधी ते बदलून घ्यावेत. कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेला एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) असेल, तर त्यावर छापलेल्या वॉटच्या आकड्यापेक्षा १२ व्होल्टच्या ओळीपुढे किती अँपिअर लिहिले आहेत, ते पाहावे. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही : मूळ कूलरचा पंखा हवा खाली बोर्डावर मारतो आणि मॉस्फेटही थंड ठेवतो, तर उंच टॉवर कूलर हवा आडवी फेकतो. प्रोसेसर गार आणि बोर्ड तापलेला, अशी विचित्र स्थिती त्यातून येऊ शकते. टॉवर कूलर बसवायचा असेल, तर मॉस्फेटकडे तोंड करून एखादा लहान पंखा जरूर लावावा.

व्होल्टेज 'ऑटो'वर ठेवू नये. काही बोर्ड एफएसबी वाढताच आपल्याच मर्जीने ते गरजेपेक्षा जास्त चढवतात. कोअर टेम्प हा प्रोग्रॅम आपल्या प्रोसेसरचे नेमून दिलेले व्होल्टेज दाखवतो. तेच हाताने भरावे. जी० आवृत्तीचे कित्येक प्रोसेसर तेवढ्यावरच ३.० ला स्थिर राहतात. वेग एकदम न वाढवता दहा-दहा मेगाहर्ट्झनी एफएसबी वाढवत जावे. ३३३ ला पोचल्यावर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६+ ची एक पूर्ण फेरी आणि त्यानंतर प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या प्राइम९५ ची काही तासांची चाचणी घ्यावी. त्या चाचणीत एकही चूक निघाली, तर 'चालते आहे ना' म्हणून ती सोडून देऊ नये. एफएसबी थोडा खाली आणावा.

अकोल्यात राहणाऱ्याने तापमानाचा हिशोब उन्हाळ्याचा करावा. जानेवारीत खोलीत २५ अंश असताना कोअरचे तापमान ६० दिसले, तर मे महिन्यात खोली ४३ अंशांवर असताना तोच भार ७८ च्या आसपास जाईल. चाचणीत ७५ च्या वर जाऊ नये अशी मर्यादा मी घालून घेईन. म्हणजेच हिवाळ्यात ५७ च्या पुढे गेले, तर उन्हाळ्यापुरता मूळ वेग ठेवणे इष्ट.

हे सारे जमले, तर ४० मिनिटांचे रेंडर ३२ मिनिटांवर येईल. तेही सारा वेळ प्रोसेसरच खात असेल तर. फायली उघडायलाच वेळ लागत असेल, तर ओव्हरक्लॉकिंगने काही हाती लागणार नाही. तिथे एसएसडी घ्यावी.

प्रश्न : ३.० गिगाहर्ट्झवर नेलेला क्यू ६६०० सीपीयू-झेडमध्ये मधूनच १९९८ मेगाहर्ट्झ दाखवतो. ओव्हरक्लॉकिंग निघून जाते का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाही. काम नसताना स्पीडस्टेप आणि सी१ई या वीज वाचवणाऱ्या सोयी गुणक ९ वरून ६ वर आणतात, आणि ३३३ गुणिले ६ म्हणजे तेवढेच होतात. भार देऊन पाहा, आकडा वर जाईल. चाचणीपुरत्या या सोयी बंद ठेवाव्यात, नंतर मात्र चालू कराव्यात. रिकाम्या वेळी बोर्डाला विसावा मिळतो.

प्रश्न : कार्यालयातून लिलावात घेतलेल्या संगणकात हाच प्रोसेसर आहे, पण बायोसमध्ये एफएसबीचा पर्यायच नाही. प्रोसेसरच्या एका बिंदूवर टेप चिकटवून वेग वाढतो, असे ऐकले. हे खरे आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : खरे आहे. आपला एफएसबी किती, हे प्रोसेसर बीएसईएल नावाच्या संपर्कबिंदूंतून बोर्डाला सांगतो. त्यांतला ठरावीक बिंदू विद्युतरोधक टेपने झाकला, की बोर्ड २६६ ऐवजी ३३३ समजतो. मात्र बोर्डाचा चिपसेट १३३३ चा (३३३ ची चौपट करून असा लिहिला जाणारा) एफएसबी मानणारा हवा, नाही तर संगणक सुरूच होणार नाही. या युक्तीत व्होल्टेज वाढवता येत नाही, त्यामुळे आपला प्रोसेसर मूळ व्होल्टेजवर स्थिर राहिला तरच उपयोग. टेपचा तुकडा जराही सरकून शेजारचा बिंदू झाकला गेला, तर प्रोसेसर काढून पुन्हा बसवावा लागेल. आणि हा प्रोसेसर ज्यात बसतो त्या ७७५ च्या सॉकेटमधील पिना नाजूक असतात, त्या एकदा वाकल्या की सरळ करणे फार जिकिरीचे होते.