विहीर की माळा?

दिवाळीची सुट्टी संपली की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक वाक्य वरचेवर कानावर येतं : “मॅडम, प्रोजेक्ट त्याचा आणि जागरण माझं.” खरी काळजी त्याच्या मागं असते. पोरगं स्वतःहून कशाला हात लावत नाही, पुढं कसं व्हायचं?

अशाच एका आई-मुलाचं सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत. मुलगा पाचवीतला. वाचलेल्या पुस्तकातला एक प्रसंग चपलेच्या खोक्यात उभा करायचा होता. पुस्तक ‘श्यामची आई’, प्रसंग पोहण्याचा. विहिरीच्या भीतीनं श्याम माळ्यावर लपतो आणि आई शिंपटी घेऊन त्याला बाहेर काढते. तिसऱ्या भेटीला मी खोका सोबत आणायला सांगितला. आत चहाच्या कागदी कपाची विहीर, तळाशी निळा चकचकीत कागद. सगळं आईच्या हातचं.

“विहीर कुणी ठरवली?”

“प्रसंगच विहिरीचा आहे की,” आई म्हणाली.

मी मुलाकडं बघत राहिले. आईच्या ओठांवर दोनदा उत्तर आलं, दोन्ही वेळा मी हातानंच थांबवलं.

“मला माळा पायजे,” शेवटी तो म्हणाला. “श्याम तिथं लपलाय. विहीर मम्मीला पायजे.”

आई गप्प झाली. मीसुद्धा. दोन भेटी मी त्याच्या ‘आळसा’वर घालवल्या होत्या. आई विहिरीच्या काठावरून गोष्ट वाचत होती, मुलगा माळ्यावरून. माळा खोक्यात कुठंच नव्हता, मग त्यानं हात कशाला लावायचा? मी मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अॅडलरच्या (१८७०–१९३७) वाटेनं काम करते. या वाटेवर आळशी दिसणाऱ्या मुलात आधी खचलेला धीर शोधायचा असतो. धीर नुसत्या कौतुकानं येत नाही, काम खरोखर हातात आलं की येतो.

म्हणून पालकांना सांगते : प्रसंग मुलानं निवडायचा, कटर फक्त तुम्ही धरायचा. मधल्या चुका त्याच्या. त्यातल्या नेहमीच्या आधीच सांगून ठेवा म्हणजे रडारड होत नाही.

खोका साधारण ३० × १८ × १० सेंमीचा असतो. लांब कडेवर उभा केला की उंची १८, खोली १०. आतला रंग आधी, माळा नंतर. माळा बसला की मागं हात पोचत नाही. फेव्हिकॉल पूर्ण कागदाला थापू नका. ओला कागद फुगतो, वाळताना आखडतो आणि पुठ्ठ्याला वाकवतो. कडांना पातळ लावून रात्रभर वह्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवा. माळा तळापासून ११ सेंमीवर, अर्ध्याच रुंदीचा. भिंतीला चिकटवायला दीड सेंमीची घडी सोडा आणि मोकळ्या टोकाखाली खराट्याच्या तीन काड्या बांधून खांब द्या, नाहीतर सकाळपर्यंत माळा खाली येतो. कौलांसाठी कोरुगेटेड खोक्याचा तुकडा ओल्या फडक्यानं पाच मिनिटं भिजवा, वरचा कागद सोलून काढा. आतल्या नागमोडी रेघा वाळल्यावर गेरूनं रंगवा, हुबेहूब छप्पर. आई ८ सेंमीची, माळ्यावर बसलेला श्याम ४ सेंमीचा. ड्रॉइंग शीटची चित्रं तोंडावर पडतात, म्हणून पायाशी एक सेंमीची घडी हवीच. थर्माकोल वापरणार असाल तर उग्र वासाचा रबरी गोंद टाळा, तो थर्माकोल खातो.

उजेडासाठी वर दोन सेंमीचं भोक पाडायचं होतं. आई म्हणाली, श्यामच्या डोक्यावर पाडू, म्हणजे तो नीट दिसेल. मुलगा म्हणाला, “मग लपलाय कशाला?” भोक खोक्यातल्या आईच्या बाजूला पडलं. माळा अंधारातच राहिला आणि खोक्यात मला सगळ्यात आवडला तो हा अंधार. चार भेटींत मी जे बोलले नसेन, ते त्या भोकाच्या जागेनं सांगून टाकलं.

पुढच्या भेटीत आईनं मला बाजूला घेतलं. “शिडी वाकडी बसलीय हो. रात्री तो झोपला की सरळ करू का?”

तेवढं दारातून त्याच्या कानावर गेलंच.

“ऱ्हाऊ दे की मम्मी. श्याम घाईत चढलाय.”