दाढेसाठी अँटिबायोटिक चालू आहे, वरून पेनकिलर घेतली तर चालेल का?

प्रश्न: दाढेला इन्फेक्शन झालंय, डेंटिस्टनी अमॉक्सिसिलिन ५०० दिवसातून ३ वेळा, ५ दिवस दिलीये. आज दुसरा दिवस, पण रात्री असा ठणका लागतो की डोळ्याला डोळा लागत नाही. घरात पॅरासिटामॉल ६५० आणि आयब्युप्रोफेन ४०० आहे. बहीण म्हणते पेनकिलरनी अँटिबायोटिकची पॉवर कमी होते, निदान दोन तास तरी जाऊ दे. मला अ‍ॅसिडिटी पण आहे. काय करू?

उत्तर: आधी ठणक्याचं बघू. अमॉक्सिसिलिनबरोबर पॅरासिटामॉल बिनधास्त घ्या, मध्ये गॅप ठेवायची काही गरज नाही. पॉवर कमी होते हे खरं नाही, अँटिबायोटिक जंतूंवर काम करते आणि पेनकिलर दुखणं न् सूज कमी करते, तुमच्या या दोन गोळ्या एकमेकींच्या आड येत नाहीत. दाढेच्या दुखण्याला खरं तर आयब्युप्रोफेन जास्त लागू पडते कारण ती सूजही उतरवते, पण तुम्हाला अ‍ॅसिडिटी आहे म्हणून पहिली पसंती पॅरासिटामॉललाच, आणि आयब्युप्रोफेन घ्यायचीच वेळ आली तर भरल्या पोटी. पूर्वी अल्सर झाला असेल, किडनीचा त्रास असेल, दिवस गेले असतील किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नका.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मागे एक बाई काउंटरवर आल्या, पर्समधून ३ पट्ट्या काढल्या, एक तापाची, एक सर्दीची, एक अंगदुखीची, तिन्हींची नावं वेगळी, रंग वेगळे. पट्टी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचलं तर पहिलीत पॅरासिटामॉल ६५०, दुसरीत ५००, तिसरीत आयब्युप्रोफेनबरोबर ३२५. म्हणजे एका वेळेला १४७५ मिलिग्रॅम, आणि त्या हे दिवसातून ३ वेळा घेत होत्या, झाले ४४२५. धडधाकट मोठ्या माणसालासुद्धा २४ तासांत ४००० च्या वर जायचं नाही, लिव्हरला धोका असतो, आणि दारू घेणाऱ्यांनी किंवा लिव्हरचा आजार असणाऱ्यांनी तर त्याच्याही बरंच खाली राहायचं. त्यांना बिचाऱ्यांना वाटत होतं आपण ३ वेगळी औषधं घेतोय! तेव्हा पट्टीवरचं मोठं नाव सोडा, मागचं औषधाचं नाव वाचा. तुमची ६५० ची गोळी दर ६ तासांनी एक, दिवसात ४ च्या वर नाही, आणि सर्दीची गोळी चालू असेल तर तीही मोजा.

हे उत्तर अमॉक्सिसिलिनचं आहे हां, सगळ्या अँटिबायोटिकना लावू नका. सिप्रोफ्लोक्सासिन किंवा लिव्होफ्लोक्सासिन चालू असेल तर आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी फिट येण्याचा धोका वाढू शकतो, ज्यांना आधी फिट आलीये त्यांनी तर टाळाच. डॉक्सिसायक्लिन असेल तर ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम होते.

आणि अजून एक. पेनकिलरनी उद्या ठणका थांबला तर दाढ बरी झाली असं समजून अमॉक्सिसिलिन मध्येच सोडू नका, डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस घ्या आणि दाढ दाखवायला परत जा, कारण आतली कीड नुसत्या गोळीनी जात नाही. २-३ दिवसांत फरक नाही पडला तर पेनकिलरचा डोस वाढवत बसू नका, फोन करा. पण सूज डोळ्याकडे किंवा मानेकडे चालली, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला, किंवा अंगावर गांधी उठून ओठ सुजले, तर सकाळची वाट न बघता रात्रीच हॉस्पिटल गाठा, आणि घेतलेल्या सगळ्या पट्ट्या बरोबर न्या.