कढीपत्त्याला ताक का घालायचं?

प्रिय बाळा,

व्हिडिओ कॉलवर आजी कढीपत्त्याला ताक घालताना दिसली, तेव्हा तू विचारलंस, "झाडाला ताक कशाला? आपल्या कुंडीतही घालूया?" घालूया, पण आत्ता थंडीत नको.

कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्या कुळातला आहे. त्याला किंचित आम्लधर्मी माती मानवते. आपल्या नळाला जड पाणी येतं. त्यातला चुना कुंडीत साचत जातो आणि मग मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आंबट ताकातलं आम्ल इथे थोडी मदत करतं. म्हणून ताकाचं भांडं विसळलेलं पाणी कढीपत्त्याला घालायची आपल्याकडे रीत आहे. विसळलेलं पाणी, म्हणजे अगदी पातळ! बिनमिठाचं एक वाटी आंबट ताक, त्यात दहा वाट्या पाणी, उन्हाळ्यात महिन्यातून एकदा. दाट ओतलं तर मातीवर बुरशी धरते, चिलटं होतात. मिठाचं ताक मात्र कधीच नको, मिठाने मुळं करपतात.

सगळा पिवळेपणा ताकाने जात नाही. खालची जुनी पानं पिवळी होत असतील तर नत्र कमी पडलंय, शेणखत किंवा कंपोस्ट दे. माती ओली असूनही झाड मलूल दिसलं तर मुळं कुजताहेत, पाणी थांबव. महिनाभरानेही नवी पानं पिवळीच आली तर चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह लागेल, पाकिटावर लिहिलेल्या मापाने.

आता थंडीचं. रात्री 10-12 अंश सेल्सिअसच्या खाली गेल्या की हे झाड झोपी जातं, पानं गाळतं. ते मेलं असं समजून फेकू नकोस. खोड नखाने जरा खरवडून बघ. आत हिरवं दिसलं की जिवंत आहे. झोपलेली मुळं पाणी फार कमी ओढतात, म्हणून ताक तसंच मातीत पडून नासतं. वरची तीन सेंटीमीटर माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी द्यायचं. कुंडी सगळ्यात जास्त उजेडाच्या खिडकीत ठेवायची, हीटरपासून लांब. कोरड्या गरम हवेत लाल कोळी आणि खवले कीड लवकर पडते. पानांची मागची बाजू दर आठवड्याला बघ. चिकट लागली तर लिटरभर कोमट पाण्यात एक चमचा नीम तेल आणि दोन-चार थेंब साबण मिसळून पुसून घे.

कुंडी एकदम मोठी करायची नाही. रिकामी माती ओलीच राहते, मुळं कुजतात. दर वेळी पाच सेंटीमीटरनेच वाढवायची, आणि तळाला भोक हवंच. दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग जाडी वाळू.

फोडणीसाठी सुटी पानं ओरबाडू नकोस, अख्खी काडी खोडाजवळून तोड. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त झाड कधी उघडं करायचं नाही. वसंतात शेंडा पेराच्या जरा वर खुडला की खालून दोन-तीन फुटवे येतात. न खुडलेलं झाड काठीसारखं उंच जातं. कळ्या आल्या तर त्याही खुड, नाहीतर जोर फुलाफळांकडे जातो.

रात्री 12 अंशांच्या वर राहायला लागल्या की कुंडी बाहेर काढू. पहिला आठवडा सावलीत, नाहीतर पानं उन्हाने भाजतात. पहिला कोंब दिसला की ताक तू घाल.

तुझी,
आई