अपघातात डोक्याला मार बसल्यापासून वडील कामं विसरतात, कोणतं ॲप घ्यावं?

ॲप कोणतंही घ्या, फोनमधलं साधं घड्याळसुद्धा चालेल. मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे, की नातेवाईक म्हणतात, 'फोनची सवय लावलीत तर मेंदू आणखी सुस्त होईल.' आमच्याकडे काकाही हेच म्हणायचे.

दादा बाईकवरून पडला, मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसला. दुकानाची जुनी उधारी त्याला तोंडपाठ, पण पाण्याची मोटार लावली की टाकी वाहून जायची. काका त्याला समोर बसवून पाढे म्हणायला लावत, सकाळी काय खाल्लंस ते विचारत आणि चुकला की सगळ्यांदेखत ओरडत. दादा पाढे बिनचूक म्हणायचा. टाकी वाहायची ती वाहायचीच. पाढे लहानपणी पाठ झालेले असतात. ठरल्या वेळी ठरलेलं काम आठवणं ही वेगळीच गोष्ट आहे.

शेवटी वहिनीने पुतणीच्या आवाजात "बाबा, आत्ता उठा, मोटार बंद करा" रेकॉर्ड करून तोच आवाज अलार्मला लावला. नुसती घंटी वाजली की दादा ती बंद करायचा, पण ती कशासाठी वाजली हे त्याला कळायचं नाही. अलार्म ऐन कामाच्या वेळीच वाजू द्या. दहा मिनिटं आधी वाजला तर तेवढ्यात विसरलं जातं.

काका म्हणाले, "कुबड्या दिल्यात पोराला." ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञ बार्बरा विल्सन आणि सहकाऱ्यांनी कामं विसरणाऱ्या १४३ जणांना पेजरवर (खिशातलं छोटं संदेश-यंत्र) आठवण करून देऊन पाहिलं, २००१ मध्ये निष्कर्ष छापले. चाचणी पुरी करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोकांची रोजची कामं सुधारली. पेजर परत घेतल्यावर ७ आठवड्यांनीही त्यातल्या बहुतेकांची सुधारणा टिकून होती. मग सुस्त कोण झालं?

एक मात्र आहे. विसरणं अलीकडेच वाढलं असेल, सोबत डोकेदुखी किंवा तोल जाणं असेल, तर ॲप राहू द्या, आधी न्यूरोसर्जनला दाखवा. वयस्कर माणसात मार लागून कित्येक आठवड्यांनीही डोक्यात रक्त साकळलेलं निघतं. आणि आपण विसरतो हेच वडिलांना पटत नसेल तर अलार्मवरून भांडणं होतील, तिथे ऑक्युपेशनल थेरपिस्टची (रोजची कामं पुन्हा जमवायला मदत करणारे तज्ज्ञ) मदत घ्या.

पण त्या नातेवाईकांचं परीक्षा घेणं आजच बंद करा. मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि याच विल्सन यांनी १९९४ मध्येच दाखवलंय की स्मरणशक्ती गेलेल्या माणसाला अंदाज करायला लावलं तर त्याच्या चुकाच पक्क्या होतात. त्याला बरोबर उत्तर आधी सांगायचं असतं.