सोलापुरात जुना गेमिंग पीसी, खिशात ३५,००० रुपये आणि रॅमचे भाव चढलेले. नेमकं काय बदलू?

तुमच्या प्रश्नातला तपशील आधी मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एकच स्टिक, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड (४ जीबी), १ टीबी हार्ड डिस्क, कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), १०८०पी ७५ हर्ट्झचा मॉनिटर. घर पूर्व भागात, शेजारी लूम (यंत्रमाग). बजेट ३५,०००. दुकानदार म्हणतो, हे सगळं काढा, डीडीआर५ चा नवा कॉम्बो घ्या.

घेऊ नका. आजच्या बाजारात बोर्ड बदलणं हा सगळ्यात महाग मार्ग आहे, कारण नव्या पिढीच्या बोर्डाबरोबर डीडीआर५ रॅम घ्यावीच लागते आणि भडका उडालाय तो नेमका तिथेच. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआय सर्व्हरसाठी लागणाऱ्या एचबीएम मेमरीत त्यांना जास्त पैसा मिळतो, आणि तेवढ्याच जीबीला एचबीएम साध्या रॅमपेक्षा जास्त वेफर (चिप बनवायची सिलिकॉनची चकती) खाते. म्हणून आपल्या वाट्याचं उत्पादन आटलं. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात डॉलरने नव्वदी ओलांडली, म्हणजे बाहेरून येणारा माल आणखी महागला. नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात, त्यामुळे "दिवाळीत ऑफर येईल" या भरवशावर थांबण्यात फारसा अर्थ नाही. डीडीआर४ सुद्धा महागलीय, पण लागणाऱ्या १६ जीबीतली अर्धी तुमच्याकडे आधीच आहे. कॉम्बो घेतलात तर ३५,००० बोर्ड, प्रोसेसर आणि रॅममध्येच संपतील आणि गेम चालवायला तोच १६५० राहील.

खर्चाआधी मोजणी करा. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारा रिवाट्यूनर हे फुकट प्रोग्राम टाका. जीपीयू (कार्डाची मुख्य चिप) वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक कोरचा वापर, व्हीरॅम (कार्डावरची मेमरी), रॅम, तापमान आणि फ्रेमटाइम (एक फ्रेम तयार व्हायला लागणारा वेळ) स्क्रीनवर लावून नेहमीचा गेम अर्धा तास खेळा. जीपीयू सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड अडतंय. जीपीयू ६०-७० वर रेंगाळतोय आणि एखाद-दोन कोर पूर्ण भरलेत, तर प्रोसेसर अडतोय. खात्री करायची असेल तर रिझोल्यूशन ७२०पी करा, एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) तसूभरही वाढला नाही तर दोष कार्डाचा नाही. सरासरी एफपीएस बरा, पण मधेमधे झटका बसतो, तेव्हाच रॅम साडेसात जीबीला टेकलेली आणि हार्ड डिस्क १०० टक्के, असं दिसलं तर रॅम आणि डिस्क हेच दुखणं. तुमच्या मशीनवर बहुतेक हे शेवटचं (रॅम-डिस्क) आणि पहिलं (कार्ड), दोन्ही एकत्र दिसेल.

त्याही आधी साफसफाई. लूमच्या शेजारी राहणाऱ्यांचा हा खरा प्रश्न आहे आणि इंटरनेटवरचे अमेरिकन व्हिडिओ तो सांगत नाहीत. टॉवेल-चादरीच्या सुताचा बारीक तंतू साध्या धुळीसारखा उडून जात नाही. तो पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांच्या मध्ये वाकळीसारखा थर धरतो. वरून पाहिलं तर पंखा स्वच्छ दिसतो, खाली हवा बंद. म्हणून पंखा स्क्रू काढून वेगळा करा आणि थर चिमट्याने उचला, मग ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वेडावाकडा फिरून बेअरिंग जातं. कार्डाच्या पंख्याखालीही तेच करा. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीला बाहेरून नायलॉनची बारीक जाळी लावा आणि दर १५ दिवसांनी ती झटका. हवा आत घेणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवा, म्हणजे फटीफटीतून तंतू ओढला जाणार नाही.

एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ ला जातो आणि पत्र्याच्या खोलीत रात्री दहालाही ३७-३८ असतात. खोली जेवढी तापते तेवढंच, जवळजवळ अंशाला अंश, कार्ड आणि प्रोसेसरही वर सरकतात. थंड खोलीत ७२ वर चालणारं कार्ड इथे ८५ ला जातं आणि स्वतःचा क्लॉक (चालण्याचा वेग) खाली आणतं. यावर फुकटचा इलाज आहे. एफपीएस मॉनिटरच्या ७५ ला बांधून टाका आणि कार्ड अंडरव्होल्ट करा, म्हणजे कमी व्होल्टेजवर चालवा. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेजची वक्ररेषा उघडते. कार्ड सध्या ज्या क्लॉकवर चालतं तोच क्लॉक ५० मिलिव्होल्ट खाली बसवा, अर्धा तास खेळा, टिकला तर आणखी २५ खाली. गेम बंद पडला की एक पायरी वर या.

आता पैसे. पहिली खरेदी रॅमची दुसरी ८ जीबी स्टिक, आणि तीही जुनी चालेल. पीसीच्या सुट्या भागांमध्ये वापरलेली रॅम सगळ्यात कमी धोक्याची, ती चालते किंवा चालत नाही, मधलं काही फारसं नसतं. एक स्टिक असली की मेमरी सिंगल चॅनेलवर, म्हणजे एकाच वाटेने, चालते आणि रायझनला ते फार जाचतं. सीपीयू-झेड या प्रोग्रामच्या मेमरी आणि एसपीडी टॅबमध्ये तुमच्या स्टिकचा स्पीड, सीएल (प्रतिसादाचा विलंब) आणि व्होल्टेज बघून जुळणारी शोधा, शक्यतो ३२००, सीएल१६, १.३५ व्होल्ट. ऑफिसच्या जुन्या ब्रँडेड मशीनमधून निघालेल्या २४०० च्या स्टिक स्वस्तात मिळतील, पण दोन्ही स्टिक हळू असलेलीच्या वेगाने चालतात आणि रायझनचा आतला फॅब्रिक (आतल्या भागांना जोडणारा मार्ग) रॅमच्या क्लॉकला बांधलेला असतो, म्हणजे प्रोसेसरही मंदावतो. तरीही ८ जीबी एकट्यापेक्षा ते बरंच. सर्व्हरची रजिस्टर्ड ईसीसी रॅम मात्र कितीही स्वस्त मिळो, या बोर्डावर सुरूच होणार नाही. लॅपटॉपची छोटी स्टिक तर बसणारही नाही.

बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा वापरा. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा जाहीर वेग लावणारा पर्याय, चालू करा, काही बोर्डांवर त्याला डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी म्हणतात. हे न केल्यामुळे ३२०० ची रॅम वर्षानुवर्षं २१३३ किंवा २४०० वर चालवणारे लोक भरपूर आहेत. दोन वेगळ्या कंपन्यांच्या स्टिकवर ३२०० टिकलं नाही तर २९३३ ठेवा. २६०० चा अधिकृत वेगही तेवढाच आहे. मग पेनड्राइव्हवरून रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चारही पास (फेऱ्या) होऊ द्या. एकही एरर आली तर स्टिक परत. "एखादी एरर चालते" असं विकणारा म्हणेल, ती चालत नाही, महिन्याभराने विंडोजच्या फाइल बिघडायला लागतात.

दुसरी खरेदी ५०० जीबीचा एनव्हीएमई एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान, चिपची डिस्क). बी४५० च्या एम.२ स्लॉटला जेन ३ चा (तिसऱ्या पिढीचा) वेग आहे, जेन ४ साठी जास्त पैसे देऊ नका. विंडोज आणि चालू दोन-तीन गेम त्यावर, बाकी सगळं जुन्या हार्ड डिस्कवर. काही बोर्डांवर एम.२ भरला की दोन साटा पोर्ट बंद होतात. हार्ड डिस्क दिसेनाशी झाली तर घाबरू नका, केबल दुसऱ्या पोर्टात लावा. अविश्वसनीय भावात मिळणाऱ्या अनोळखी ब्रँडच्या २ टीबी डिस्क खोट्या असू शकतात, आत लहान चिप आणि कंट्रोलर खोटा आकडा सांगणारा. एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासल्याशिवाय त्यावर काही ठेवू नका. विंडोज नव्याने टाकताय तर ११ च टाका. १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि २६०० हा ११ च्या यादीत आहे, फक्त बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) चालू हवा.

तिसरं, कार्डाच्या आधी एसएमपीएस. १६५० ची बरीच मॉडेलं वेगळी पॉवर केबल न लावता स्लॉटमधल्या ७५ वॅटवर चालतात, म्हणून आजवर तो कॅबिनेटसोबतचा डबा तग धरून आहे. त्याच्या लेबलवर मोठ्या अक्षरात ४५० किंवा ५०० लिहिलेलं असेल, तिकडे बघू नका. १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघा. १६ अँपिअर असतील तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट, एवढीच त्याची खरी कुवत. १३२ वॅटचं कार्ड (खाली सुचवलेलं आरएक्स ६६००), ८०-८५ वॅटचा प्रोसेसर आणि बाकीचे ४५ धरले तर २६० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर २२ अँपिअर लागतात. चांगल्या कंपनीचा ५५० वॅट ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) नवाच घ्या, जुना नको. कार्डाला लागणारी आठ पिनची केबल त्याचीच हवी, चार पिनच्या मोलेक्सपासून आठ पिन करणारे जोड वितळतात.

याच दिवशी वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्या. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं किंवा कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण लागली, तर आधी तो दोष काढा. यूपीएस ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॅटचाच, नव्या कार्डासह तो काठावर येतो. १००० व्हीए बरा. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर गेमिंग पीसी लावू नका, अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारं सर्किट असलेला) एसएमपीएस गुणगुणतो किंवा लाइट जाताक्षणी बंद पडतो.

उरलेली रक्कम, म्हणजे बजेटचा जवळजवळ निम्मा भाग, कार्डाला. वापरलेलं घ्यायचं तर मी आरएक्स ६६०० (८ जीबी, १३२ वॅट, एक आठ पिन) पहिलं शोधेन. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबी मॉडेल मिळालं तर उत्तम, ते १७० वॅट खातं, तेवढं वरच्या ५५० च्या एसएमपीएसला झेपतं. त्याच नावाने ८ जीबीचंही विकलं जातं आणि त्याची मेमरी बस १९२ ऐवजी १२८ बिटची, म्हणून जीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये बघूनच पैसे द्या. जीटीएक्स १०७०, १०८० स्वस्त दिसतील, पण त्या पिढीला ऑक्टोबर २०२५ नंतर नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर येत नाहीत. आरएक्स ६५०० एक्सटी नकोच: चार जीबी, आणि बोर्डाशी जोडणाऱ्या फक्त चार लेन, तुमच्या पीसीआयई ३ च्या बोर्डावर ते आणखी लंगडतं. इंटेल आर्क बी५८० कागदावर छान आहे, पण त्याला रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि जुन्या प्रोसेसरवर त्याचा ड्रायव्हर फार ओझं टाकतो, २६०० सोबत पैसे वाया.

जुनं कार्ड विकणाऱ्याच्या घरी, चालू मशीनवरच बघा. कार्डावर पूर्ण ताण देणारा फरमार्क दहा मिनिटं, मग एखादा खरा गेम. हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) आणि जीपीयूच्या तापमानात २५ अंशांच्या वर फरक असेल तर थर्मल पेस्ट वाळलीय, भाव पाडून मागा. पेस्ट बदलताना थर्मल पॅडची जाडी मोजून तेवढीच घ्या, १ मिलिमीटरच्या जागी दीड बसवला तर हीटसिंक चिपला टेकतच नाही आणि कार्ड आधीपेक्षा तापतं. सगळे पोर्ट मॉनिटर लावून तपासा. आणि एक: २६०० मध्ये ग्राफिक्स नाही, म्हणून नवं कार्ड हातात येईपर्यंत १६५० विकू नका, स्क्रीनच लागणार नाही.

प्रोसेसर यादीत शेवटी. पुढे पैसे साठले की याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसतो, रॅमही तीच राहते. जुना प्रोसेसर असतानाच बोर्ड कंपनीच्या साइटवरून नेमक्या मॉडेलचा बायोस घ्या, एफएटी३२ पेनड्राइव्हवर टाका आणि यूपीएसवर असतानाच अपडेट करा, मधेच लाइट गेली तर बोर्ड मरतो. विंडोजचं डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कचं कुलूप) चालू असेल तर बिटलॉकरची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, कारण नवा प्रोसेसर बसल्यावर बोर्ड एफटीपीएम रीसेट करू का विचारतो. कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्या, बंद करा आणि कूलर हळूच फिरवत उचला. थंड पेस्टवर सरळ ओढला तर एएम४ चा (तुमच्या बोर्डाच्या सॉकेटचा) प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. उन्हाळ्यात डब्यातला कूलर पुरत नसेल तर बायोसमध्ये ४५ वॅटचा ईको मोड लावून बघा, गेममध्ये फरक फारसा कळत नाही.

कुठून घ्यायचं? एसएमपीएस आणि एसएसडी सोलापुरातच घ्या, पाच टक्के जास्त गेले तरी, कारण बिघाड झाला तर कुरिअरची कटकट दुकानदार बघतो. बिलावर जीएसटी क्रमांक आणि प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर लिहून घ्या. सध्या रॅमचा भाव दिवसाला बदलतो, तेव्हा कालचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा भाव आज धरून बसू नका. वापरलेल्या कार्डासाठी पुण्यात निवड जास्त, हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. हैदराबादची माणसं ओळखीची असतील तर सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्येही विचारून बघा.

बोर्डाचं नेमकं मॉडेल आणि एसएमपीएसच्या लेबलचा फोटो टाकलात तर कोणती कार्डं झेपतील ते अँपिअरसकट सांगतो.