प्रकाशाने जागं होणारं औषध वापरून रोगप्रतिकारक पेशी आवरता येतात का?

हो, येतात, फोटोफेरेसिस ही पद्धत अमेरिकेत १९८८ पासून त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमासाठी (टी-पेशी या पांढऱ्या रोगप्रतिकारक पेशींच्या कर्करोगासाठी) मान्य आहे. यंत्रात रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात, त्यांत ८-मेथॉक्सीसोरालेन हे प्रकाशाने जागं होणारं औषध मिसळतात, यूव्हीए म्हणजे अतिनील किरण (३२०–४०० नॅनोमीटर) देतात आणि पेशी परत शरीरात सोडतात. अंधारात हा रेणू डीएनएत नुसता शिरून बसतो, प्रकाश पडला की दोन्ही धागे एकमेकांना सांधतो. मग त्या पेशी एक-दोन दिवसांत मरू लागतात. खरी गंमत पुढे: त्यांना गिळणाऱ्या पेशी शांततेचे संकेत देतात, म्हणून अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतरच्या जीव्हीएचडीतही (दात्याच्या रोगप्रतिकारक पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करतात तो आजार) ही पद्धत वापरतात. वेगळ्या काढलेल्या पेशींत तांबड्या पेशी जास्त राहिल्या तर त्या प्रकाश अडवतात. उपचारानंतर २४ तास ऊन टाळावं लागतं, आणि परिणाम दिसायला बहुधा काही महिने जातात.